एकच लूप की दोन?

प्रश्न: दादा नमस्कार, मी इंदूरला सुदामा नगरात राहतो, घरूनच थ्रीडी रेंडरिंगची कामं घेतो. प्रोसेसर रायझन ९ ७९५०एक्स आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०९० आहे, दोन्ही पाण्याने गार करायचेत, त्यासाठी ३६० मिमीचे दोन रेडिएटर पण आणून ठेवलेत. मित्र म्हणतो सीपीयूचा (प्रोसेसरचा) आणि कार्डाचा लूप, म्हणजे पाणी फिरायचा मार्ग, वेगळा कर, नाहीतर कार्डाचं गरम पाणी सरळ प्रोसेसरवर जाईल. काय करू?

उत्तर: एकच लूप करा. मित्राची भीती मला कळते, मलाही आधी तसंच वाटायचं, पण हिशोब करून बघा ना. ४०९० चे ४५० वॅट धरा आणि मिनिटाला ४ लिटर पाणी फिरतंय असं धरा, तर कार्डातून जाताना पाणी जेमतेम दीड-पावणेदोन डिग्रीने तापतं. बस एवढंच! सगळ्या लूपमधे पाणी जवळपास सारखंच गरम असतं म्हणून आधी सीपीयू की आधी कार्ड यानेही फारसा फरक पडत नाही.

खरा मुद्दा रेडिएटरचा आहे. रेंडर कार्डावर चालू असेल तेव्हा प्रोसेसर बराचसा निवांत असतो, मग वेगळ्या लूपमधे त्याचा ३६० नुसता बसून राहणार आणि कार्डाचा बिचारा एकटा ४५० वॅट ओढणार. एकाच लूपमधे दोन्ही रेडिएटर ज्याला गरज आहे त्याच्या कामी येतात. हां, दोन्ही एकदम फुल लोडवर तासन्‌तास चालत असतील तर वेगळ्या लूपमधे प्रोसेसरला थोडं गार पाणी मिळेल, ते खरंय, पण ७९५०एक्स तसाही ९५ डिग्रीपर्यंत चालायलाच बनवलाय.

माझ्या आधीच्या मशीनमधे दोन लूप होते. दोन पंप, पाण्याच्या दोन टाक्या (रिझर्व्हायर), फिटिंगा दुप्पट, आणि साफसफाईला दोन्हीकडचं पाणी काढा, भरा, हवा काढा... एकदा फिटिंगमधली एक ओ-रिंग (रबरी कडी) नीट बसली नव्हती, गळती कुठली ते शोधण्यात अख्खी रात्र गेली. दोन रंगांचं पाणी हवं असेल तर करा दोन लूप, नाहीतर तेच पैसे दुसऱ्या पंपात घाला आणि दोन्ही पंप एकाच लूपमधे एकामागे एक लावा, एक बंद पडला तरी पाणी फिरत राहतं.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. खोलीत ३८ असेल तर पाणी त्याच्या खाली जाणारच नाही, एक लूप असो की चार. पाण्यात टेम्परेचर सेन्सर टाका, पंख्यांचा वेग त्याच्यावरून ठरवा. नळाचं नर्मदेचं पाणी मात्र चुकूनही भरू नका, क्षार जमतात, तयार कूलंटच घ्या.