तपासणी मोफत असूनही गरीब आईबाप मुलांना का आणत नाहीत?

तुम्ही विचारलंय की डॉक्टर गावात येतात, पैसे घेत नाहीत, तरी लोक मुलं तपासून घेत नाहीत, हा अडाणीपणा नाही तर काय? मी बीड जिल्ह्यात मुलांच्या तपासणी पथकात डॉक्टर आहे. 'अडाणीपणा' हा शब्द मला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही पालघरमधून (तेव्हा ठाणे जिल्हा). जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, कुपोषण, आजार, वाढीतला उशीर, सगळं त्यात बसतं. पुढचे उपचारही मोफत. कागदावर खोट काढायला जागा नाही.

पण आमचं वेळापत्रक आणि गावाचं वेळापत्रक जुळत नाही. दिवाळीच्या सुमारास इथली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. आमची दुसरी फेरी नेमकी त्यानंतर लागते. अंगणवाडीच्या रजिस्टरात नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा असतो आणि ते मूल पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडाच्या कडेला कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) असतं. त्या जिल्ह्यातल्या पथकाकडे त्याचं नाव नसतं. ते दोन्हीकडून सुटतं.

मागे एका वस्तीवर चार वर्षांची मुलगी तपासली. वजन कमी, ओठ किंचित निळसर, आणि स्टेथोस्कोप लावल्याबरोबर छातीत घरघरीसारखा आवाज. हृदयाला छिद्र असावं, अशी शंका आली. मोठ्या दवाखान्यात पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. आई म्हणाली, "म्याडम, पोरगी खेळती-हिंडती की. आजार आसता तर पडून राह्यली नसती का?" मी समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग एकच विचारलं, "किती दिवस लागत्याल?"

त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला वेळ लागला. ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी एकत्र धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. बाई दवाखान्यात बसली की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात आणि उचल फिटत नाही. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला मोठ्या शहरात. मोफत असते ती तपासणी आणि ऑपरेशन. बुडालेला रोज, सोबत आलेल्या माणसाचं जेवण, घरी राहिलेल्या धाकट्याला कोण बघणार, यातलं काहीच मोफत नसतं. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलं तर आईला बुडीत मजुरी मिळते. तशी सोय पुढच्या तपासणीला पाठवलेल्या प्रत्येक मुलाच्या आईसाठी हवी, असं माझं ठाम मत आहे.

ती मुलगी आजीजवळ राहिली. आजी तिला घेऊन जिल्ह्याला आलीसुद्धा, पण ऑपरेशनच्या संमतीला आईबापाची सही हवी होती आणि ते फडावर. ऑपरेशन झालं ते पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, आईबाप परतल्यावर, उन्हाळ्यात. मधले महिने तिने धापा टाकत काढले.

नजर लागेल, पोरीच्या लग्नात अडचण येईल, ही भीतीही असते, नाही म्हणत नाही. चूक आमचीही आहे. एका दिवसात सत्तर मुलं उरकायची म्हटल्यावर सगळ्यांच्या छातीला नळी लागतेच असं नाही, आणि एकदा घाईत 'ठीक आहे' ऐकलेली आई पुन्हा का येईल?

आता ज्या गावांतून लोक जातात तिथली फेरी आम्ही दसऱ्याआधीच उरकायचा प्रयत्न करतो. अंगणवाडी सेविका संध्याकाळी, बायका रानातून परतल्यावर, घरोघरी सांगून येते. चिठ्ठी देताना मी आता आजार नंतर सांगते, आधी सांगते की किती दिवस लागतील, कुणी यायचं आणि सही कुणाची लागेल.