स्पेक सीपीयू घेण्याआधी एवढं बघा

कंपायलर प्रकल्पासाठी स्पेक सीपीयू २०१७ (प्रोसेसर आणि कंपायलरचा वेग मोजायचा, परवाना लागणारा चाचणी-संच) घ्यायचा विचार चांगलाच आहे, जरूर घ्या. पण परवाना कुणा एका स्वयंसेवकाच्या नावावर नको. तो माणूस प्रकल्प सोडून गेला की सगळंच अडतं. प्रकल्पामागे ना-नफा संस्था असेल तर तिच्या नावाने अर्ज करा आणि कोणकोण वापरू शकेल ते आधी लेखी विचारून घ्या.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती सोर्स कोडच्या बाबतीत. आत जीसीसी, पर्ल, ब्लेंडर असे खुल्या सोर्सचे प्रोग्रॅम दिसतात, म्हणून अख्खा संच खुला होत नाही. तो सार्वजनिक रेपोत (कोडच्या ऑनलाइन साठ्यात) टाकू नका. क्लँग हा कंपायलर क्रॅश झाला की प्रीप्रोसेस केलेली फाइल काढून देतो, तिच्यात मूळ सोर्स कोड असतो. ती तशीच बग रिपोर्टला जोडली तरी कोड बाहेर गेलाच! आधी फाइल छाटून छोटं, स्वतंत्र उदाहरण बनवा. एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पाच्या टेस्ट-सूटची पद्धत उचला: रेपोत फक्त बिल्डच्या फाइली, स्पेक संचाचा पाथ ज्याचा त्याने द्यायचा.

आकडे जाहीर करताना:
- चाचणीचा रन स्पेकच्या नियमांनुसार नसेल तर ‘अंदाजित’ असं स्पष्ट लिहा.
- स्पेकचे फेअर यूजचे (आकडे जाहीरपणे कसे वापरायचे याचे) नियम आधी वाचा.

बेस-पीकचं ट्यूनिंग (सगळ्या प्रोग्रॅमना सारखे की प्रत्येकाला वेगळे कंपायलर-पर्याय द्यायचे ते) सध्या राहू द्या. परवाना येईपर्यंत फोरॉनिक्स टेस्ट सूट या खुल्या चाचणी-साधनावर हात बसवा, अडलं तर बिनधास्त विचारा.