आफ्रिकेच्या शेतीत करिअर? आधी एक देश, एक पीक

लातूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आफ्रिकेतल्या शेती धोरणावर काम करायचं म्हणते. ‘घरची चार एकर तूर-सोयाबीन सोडून हे कसलं खूळ? यात नोकरी असते का?’

नमस्कार. नोकरी असते, पण पदवी हातात आली की लगेच मिळेल अशी नाही. आणि आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश. तिला एकच देश, एकच पीक धरायला सांगा. मी आग्नेय आफ्रिकेतला मलावी आणि तूर सुचवेन.

तूर तुमच्या घरचीच. मलावीत तिला ‘नांदोलो’ म्हणतात. २०१७ मध्ये आपल्याकडे तूर हमीभावाखाली विकली गेली, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा केंद्राने आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि मलावी, मोझांबिकमध्ये भाव कोसळले. पुढे २०२१ मध्ये मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार झाला. हे दोन्ही बाजूंनी समजणारी माणसं थोडी आहेत.

तूर समजायची तर तिथलं मुख्य अन्न असलेला मका समजायला हवा. बहुतेकांकडे हेक्टरभरही जमीन नाही, पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. २००५-०६ पासून सरकारने कूपनवर सवलतीचं खत सुरू केलं : ५० किलोची २३:२१:० (नत्र:स्फुरद:पालाश) ची एक गोणी, युरियाची एक. नत्र किती? ११.५ आणि २३, मिळून ३४.५ किलो. एकरभर मक्याला ठीक. पण २०२० पर्यंत, कूपनं होती तोवर, गावात ती वाटून घ्यायचे, गोणी दोन-तीन घरांत फुटायची. शिवाय पहिली गोणी उशिरा आली तर स्फुरद फुकट, कारण ते जमिनीत फारसं हलत नाही, पेरणीलाच मुळाजवळ पडावं लागतं. धोरण कागदावर कितीही चांगलं असो, ट्रक कधी पोचला यावर ते ठरतं. सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत नुसत्या खतानेही भागत नाही. म्हणून भुईमुगात तूर घेतात : भुईमूग आधी निघतो, तूर मागे उभी राहते, पाला जमिनीत जातो, पुढच्या वर्षी मका. अडचण एकच, मका काढल्यावर शेळ्या मोकाट सुटतात आणि हिरवी तूर फस्त करतात.

आता वाट. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची (आयसीएआर) पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. त्या काळात आर किंवा स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायचं. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर मलावीच्या कुटुंब पाहणीची आकडेवारी फुकट मिळते. त्यात शेतकऱ्याने सांगितलेलं क्षेत्र आणि जीपीएसने मोजलेलं क्षेत्र ताडून पाहायचं. लहान तुकडे बहुधा मोठे सांगितले जातात, मग हेक्टरी उत्पादन कमी दिसतं. प्रबंधाला एवढा विषय पुरे. प्रबंधासाठी हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत संधी शोधावी. मलावीतही त्यांचं काम आहे.

तिकडची कनिष्ठ पदं बहुतेक स्थानिकांनाच मिळतात, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्यांना पीएच.डी. किंवा एम.एस्सी.वर काही वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे सहा-सात वर्षं धरा. मलावीत इंग्रजी चालतं, मोझांबिकला पोर्तुगीज लागेल. ‘आफ्रिकेत कृषी अधिकारी’ म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर फोन ठेवून द्या.

जमीन सोडायला कुणी सांगितलं? येत्या खरिपात अर्धा एकर तिच्याकडे द्या, भुईमुगात तूर लावू द्या. प्रत्येक कामाची तारीख आणि मजुरी तिनेच वहीत लिहावी.