सोनारशिवाय क्रॅपी आणि ब्लूगिल

क्रॅपी आणि ब्लूगिल हे गोड्या पाण्यातले मासे धरायला सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे ध्वनिलहरींनी दाखवणारं यंत्र, नाही म्हणून अडून बसू नकोस. बर्फ वितळला की तळ्याचा उत्तर काठ आधी धर, कारण दक्षिणेकडचं ऊन तिथे पडतं. त्यातही काळ्या चिखलाचा उथळ कोपरा लवकर तापतो. दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोड. आजूबाजूपेक्षा दोन अंश जरी जास्त दिसले तरी तिथेच थांब. पहाटे उठायची हौस सध्या नको, दुपार बरी.

बुडालेल्या झाडाजवळ फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणारा बूच) छोटा जिग (वजनदार डोक्याचा गळ) सोड. आधी दोन फुटांवर, मग अर्ध्या-अर्ध्या फुटाने खाली. क्रॅपी बऱ्याचदा खालून वर येऊन घास घेतो, तेव्हा फ्लोट बुडत नाही, आडवा पडतो. नवखे इथेच फसतात. लगेच ओढ. थंडीची लाट आली तर शेजारच्या खोल पाण्यात शोध.