मनाला मारायचं की गोडी लावायची?

या महिन्यात पुण्याहून आलेल्या पत्रांत मन आणि आत्मा यांच्या नात्याबद्दलचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : प्रवचनाला गेलं की 'मन मेल्याशिवाय आत्मा भेटत नाही' असं ऐकते. घरी मात्र तुकोबांचा 'मन करा रे प्रसन्न' म्हणते. दोन्ही खरं कसं? आणि मुळात मन कुठे संपतं, आत्मा कुठे सुरू होतो?
(निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

मन संपलं की पुढे आत्मा लागतो, अशी मांडणी वेदान्तात नाही. मन जाणलं जातं आणि आत्मा जाणतो, एवढाच फरक आहे आणि तो मूलभूत आहे. तुम्ही नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबला आहात आणि मागून कुणी हॉर्न वाजवतो. वळून बघावं की नको, ही जी चुळबुळ सुरू होते ते मन : संकल्प आणि विकल्प. 'कालही असंच झालं होतं' ही आठवण चित्ताची. 'मला हॉर्न मारतो काय!' हा अहंकार. 'सिग्नल लाल आहे, वाजवू दे' हा निश्चय बुद्धीचा. या चौघांना मिळून अंतःकरण म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण चौघांनाही मनच म्हणतो आणि बरेचसे घोटाळे तिथूनच होतात, कारण चौघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. चुळबुळीला आलंबन, म्हणजे धरायला आधार लागतो, आठवणीला वेळ लागतो, अहंकाराला सेवा लागते, बुद्धीला श्रवण-मनन लागतं.

आता एवढंच बघा : चुळबुळ, आठवण, राग, निश्चय ही चारही आली आणि गेली, हे तुम्हाला कळलं. येणाऱ्या-जाणाऱ्या वृत्ती ज्याच्यामुळे कळतात, त्याला साक्षी म्हणतात. रूप दिसतं डोळ्याला. डोळ्याला अंधुक दिसतंय, हे कळतं मनाला. मन थकलंय, हे कळतं साक्षीला. साक्षीला जाणणारा त्याच्यामागे आणखी कोणी नाही. 'दृग्दृश्यविवेक' या वेदान्तावरच्या छोट्या ग्रंथाचा पहिला श्लोक नेमकं हेच सांगतो.

सगळी दर्शनं यावर एकमत आहेत, असं मात्र समजू नका. सांख्य आणि योग ही दर्शनं पुरुष, म्हणजे जाणणारे आत्मे, अनेक मानतात, अद्वैत वेदान्त आत्मा एकच मानतो. न्यायदर्शनात मन अणूएवढं आणि आत्मा सर्वव्यापी. दोघांचा संयोग झाला की ज्ञान उपजतं, म्हणजे ज्ञान हा आत्म्याचा गुण ठरतो, स्वरूप नव्हे. बौद्ध तर कायम टिकणारा जाणता मानतच नाहीत. अद्वैती गाढ झोपेचा दाखला देतात : झोपेत मन नव्हतं, तरी 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' असं उठल्यावर आठवतं, म्हणजे जाणणारा जागा होता. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं उत्तर असं, की ही आठवण नाही, उठल्यावर केलेलं अनुमान आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि अद्वैताकडे ओढा असला तरी तो नीट समजून घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

आता मन मारण्याबद्दल. ग्रंथांत मनोनाश आहे, पण तिथे नाश होतो तो वासनांचा आणि वृत्तीला 'हा मी' म्हणून चिकटण्याचा. विचार येणं बंद पडावं, असा त्याचा अर्थ नाही. शब्दशः घेऊन विचार दाबला तर तो सकाळी देवघरात दबतो आणि दुपारी स्वयंपाकघरात चिडचिड होऊन बाहेर पडतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्यासारखं आवरायला कठीण म्हणतो (६.३४). पुढच्याच श्लोकात भगवान ते मान्य करतात आणि उपाय दोनच सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. मारण्याचं नाव नाही. या भागावर ज्ञानेश्वर महाराज मनाचा एक चांगला गुण दाखवतात, 'जें देखिलें गोडीचिया ठाया सोके'. एकदा गोडी लागली की मन तिथे सोकावतं, म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखच दाखवत जावं. ज्ञानेश्वरीची सोनोपंत दांडेकरांची प्रत घरी असेल तर सहाव्या अध्यायाचा शेवट काढून वाचा. 'मन करा रे प्रसन्न' हा त्याच वाटेवरचा अभंग आहे. मोक्ष आणि बंधन, दोन्हींचं कारण मनच, असं तुकोबा त्याच चरणांत म्हणतात. ज्याच्यामुळे सुटायचं, त्यालाच मारून कसं चालेल?

प्रश्न : सहा महिने साक्षीभावाचं ध्यान करतोय. हल्ली दहा-पंधरा मिनिटांत सगळं शून्य होतं, वेळ कुठे गेला कळत नाही. हाच आत्मानुभव का? उठल्यावर मात्र डोकं जड असतं.
(सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी)

उत्तर : नाही. पत्रातलं शेवटचं वाक्य निदान सांगतं. याला लय म्हणतात : मन शांत झालेलं नाही, झोपलेलं आहे. 'वेदान्तसार' या ग्रंथात ध्यानातली चार विघ्नं दिली आहेत : लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. तुमचं पहिलं आहे.

ओळखायची खूण साधी. खऱ्या शांततेत बाहेरचे आवाज ऐकू येत राहतात, फक्त मन त्यांच्यामागे जात नाही, आणि उठल्यावर हलकं वाटतं. लयात आवाज तुटतात, मान पुढे झुकते, उठल्यावर जडपणा येतो. कारणंही बहुतेक वेळा साधी असतात : अपुरी झोप, जेवणानंतर लगेच बसणं, पाठ टेकणं. शिफ्टचं काम असेल तर आधी झोप पूर्ण करा. झोपेची थकबाकी ध्यानातून वसूल होते, मग ध्यान उरत नाही.

बैठक अशी बदला. वेळ एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. जेवणानंतर किमान तीन तास गेलेले असावेत. घोंगडी चौपदरी घालून बसा, कंबरेखाली थोडी उंची द्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि कणा आपोआप उभा राहतो. डोळे पूर्ण मिटू नका, नजर समोर चार फुटांवर जमिनीकडे सैल सोडा.

पहिली ४ मिनिटं श्वास, मोजू नका, लांबवू नका. पुढची ६ मिनिटं आवाज : पंखा, रिक्षा, वरच्या मजल्यावरचा नळ. आवाज कळतोय, म्हणजे तो दृश्य, जाणला जाणारा. मग ६ मिनिटं शरीर : मुंग्या येणं, ताण, ऊब. तेही कळतंय, म्हणजे दृश्य. मग ६ मिनिटं विचार. प्रत्येकाला एका शब्दाने ओळखा, 'आठवण', 'बेत', 'राग', आणि सोडून द्या. उरलेली २ मिनिटं काहीच करू नका आणि सावकाश उठा.

अवघड जागा विचारांच्या टप्प्यावर येते, म्हणून इथे थांबून सांगतो. बरेच जण त्यावेळी जाणणाऱ्याला शोधायला निघतात : कपाळात प्रकाश दिसतो का, छातीत काही जाणवतं का. जे दिसेल ते पुन्हा दृश्यच असणार. दुसरी फसगत याहून बारीक आहे. 'मी साक्षी आहे, मी बघतोय' असा विचार येतो आणि साधकाला वाटतं, पोहोचलो. पण तो विचारही कळला ना? मग तोही वृत्तीच. त्यालाही एक शब्द द्या, 'साक्षीचा विचार', आणि पुढे चला. कपाळ दुखू लागलं तर समजा, की डोळ्यांनी आत बघायची धडपड सुरू आहे. नजर सैल करा.

बाकीची तीन विघ्नं थोडक्यात. विक्षेप म्हणजे भटकणं. जिथे जाईल तिथून परत आणावं, हे गीतेने सांगितलंय (६.२६), आणि परत आणणं हाच अभ्यास आहे. कषायात मन भटकत नाही, झोपत नाही, पण सुन्न होऊन अडतं, कारण खाली एखादी जुनी आसक्ती किंवा आकस असतो. त्या दिवशी ध्यान रेटू नका, कुणाबद्दल काय साचलंय ते आधी ओळखा. रसास्वाद सगळ्यांत गोड आणि म्हणून फसवा : काल शांत वाटलं, आज तेच हवं म्हणून बसायचं. त्या अपेक्षेनेच बैठक बिघडते.

पुन्हा झोप आली तर उठून दहा मिनिटं चाला. बसूनच राहू नका.

प्रश्न : आत्मा शुद्धच आहे, तर साधना कुणासाठी?
(कोथरूड)

उत्तर : मनासाठी. आत्म्याला साधनेने काही मिळत नाही, त्याचं काही जातही नाही. 'मी बद्ध आहे' ही समजूत बुद्धीत आहे, ती जायचीही बुद्धीतूनच. आत्मा शुद्ध आहे हे ऐकून साधना सोडणाऱ्याचं मन तसंच राहतं, आणि अपमान झाला की ते लगेच दिसतं.

प्रश्न : रोज एक माळ 'राम कृष्ण हरी' जपतो. तोंड चालू असतं, मन मार्केट यार्डात असतं. असा जप फुकट जातो का?
(व्यापारी, हडपसर)

उत्तर : फुकट जात नाही, पण सुधारता येतो. जपाचे तीन प्रकार आहेत : वाचिक (ऐकू येईल असा), उपांशु (ओठ हलतील, शेजाऱ्याला ऐकू येणार नाही असा) आणि मानस. मानस जप श्रेष्ठ म्हणून बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच मन निसटतं, कारण त्याला धरायला काही नसतं. पहिले २७ मणी मोठ्याने, पुढचे ५४ उपांशु, शेवटचे २७ मनात, असे १०८ करा. मन सुटलं असं वाटलं की एक पायरी खाली या, मनातून ओठांवर, ओठांवरून आवाजावर.

वेग तपासा. मिनिटाला पंधराएक श्वास आणि श्वासाला एक नाम धरलं तर माळेला सात-सव्वासात मिनिटं लागतात. तुमची तीन मिनिटांत उरकत असेल तर अक्षरं गिळली जात आहेत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, ओलांडू नका, माळ उलटी फिरवा. तेवढ्या वळणावर मन कुठे आहे तेही बघून घ्या. दुकान उघडायच्या आधी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. माळा वाढवायची घाई नको. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्यात : दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने (१.१४). संख्या त्यांत नाही.

प्रश्न : माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. एक शिबिर करून आला तेव्हापासून 'मी शरीर नाही, मन नाही' म्हणतो. कॉलेजला जात नाही, नीट जेवत-झोपत नाही, आमच्याशी परक्यासारखा बोलतो. हे वैराग्य असेल का?
(एक आई, बिबवेवाडी)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंत ते वैराग्याचं लक्षण नाही. वैराग्यात माणूस हलका होतो, त्याची झोप उडत नाही आणि घरच्यांबद्दलचा ओलावा आटत नाही. योगसूत्रांत मैत्री आणि करुणा चित्त प्रसन्न करणारी म्हणून सांगितली आहेत (१.३३). साधनेने ती वाढायला हवीत. विघ्नांच्या यादीतही पहिलंच नाव व्याधीचं आहे (१.३०). आजारावर उपचार करायचे, हे परंपरेलाही मान्य आहे. शरीर-मनापासून तुटल्यासारखं वाटणं, झोप जाणं, सगळ्यांतून अंग काढून घेणं ही मनाच्या आजाराचीही लक्षणं असू शकतात, आणि ते घरी बसून ठरवता येत नाही.

म्हणून या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन मोफत आहे आणि चोवीस तास लागतो. तो जीव द्यायचं बोलला, त्याला आवाज ऐकू येऊ लागले किंवा त्याने खाणंपिणं बंद केलं, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.

त्याच्याशी आत्मा आहे की नाही, यावर वाद घालू नका. त्याचं तत्त्वज्ञान खोडून काढायला गेलात तर तो आणखी दूर जाईल. 'जेवून घे, मग बोलू' एवढंच म्हणा आणि शेजारी बसा. डॉक्टर सांगेपर्यंत लांबलचक ध्यान, मौन आणि उपास बंद ठेवायला सांगा. अशा अवस्थेत आत बघत राहिल्याने तुटलेपणा वाढू शकतो. देवाचं काही करायचंच असेल तर संध्याकाळी घरच्यांबरोबर मोठ्याने आरती म्हणू दे, पर्वतीला पायी जाऊन येऊ दे, घरातलं एखादं काम त्याच्याकडे सोपवा. गोळ्या सुरू झाल्या तर त्या घेऊनही नामस्मरण करता येतं. त्या मधेच बंद करायला कुणी सांगितलं, मग सांगणारा कितीही मोठा साधक असो, तरी आधी डॉक्टरांना विचारा.