‘आम्ही दुष्काळात खडी फोडली, तुला काय झालंय?’

‘घरच्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला आणि मला साधी नोकरी गेल्याचं सोसत नाही. मी इतका कच्चा कसा?’ हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे सारखा येतो. नोकरी जाते, धंदा बसतो, हप्ते थकतात. अशा वेळी मोठ्यांच्या कष्टांची आठवण धीर देईल असं वाटतं, पण बऱ्याच जणांना ती टोचते.

सुहास (नाव आणि तपशील बदलले आहेत) चौतिशीचा. मूळ गाव बीड जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. कपातीत नाव आलं. बायकोला आणि आईवडिलांना माहीत होतं, बाकी कोणालाच नाही. सोसायटीत कळू नये म्हणून तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. घरी आला की वडिलांचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘आम्ही खडी फोडलीय, मिलोच्या भाकरी खाल्ल्यात.’ त्याला झोप लागत नव्हती. नोकरीचे अर्ज अर्धवट भरून पडले होते.

मी विचारलं, ‘दुष्काळात वडील केवढे होते?’ त्याने हिशेब केला. सहा वर्षांचे. खडी फोडली होती ती आजीने, आणि आजी त्यांच्याच घरी राहत होती. पुढच्या वेळी तिलाच घेऊन या म्हटलं.

आजी खुर्चीवर मांडी घालून बसल्या. मी काही विचारण्याआधीच त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. दगड धरायचा, वरून हातोडी बसायची, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, तरी एखादा घाव चुकायचाच. खडीचा ढीग मोजला जायचा, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव असायचं, पगार आठवड्याने मिळायचा. पोरांना सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा म्हणून सुहासच्या वडिलांना त्या सोबत न्यायच्या. अमेरिकेतून आलेल्या मिलो या तांबड्या ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, हे सांगताना मात्र त्या वैतागल्या. पन्नास वर्षांनीही त्या भाकरीचा राग गेलेला नाही!

मग सुहासने विचारलं, ‘आजी, तुला लाज नाही वाटली?’

‘कशाची रं? पाटलाची सूनबी माझ्या शेजारीच बसायची. समद्या गावाला ठावं व्हतं, कुणाच्याच घरात दाणा न्हाई. एकटीवर आलं असतं तर म्या हिरीच जवळ केली असती.’

वडिलांच्या वाक्यात हा भाग कधी आलाच नव्हता. ते सहा वर्षांचे होते, त्यांना आईचे कष्ट दिसले. त्या कष्टांना धरून ठेवणारं बाकीचं सगळं दिसायचं ते वय नव्हतं. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी अशी कामं सरकारने काढली होती. हाताला काम मिळणं हा हक्क मानावा, हा विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह होता. त्यातूनच पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा झाला. आजींची जिद्द खरी, मला तिचं फार मोल वाटतं. पण ती जिद्द टिकली, कारण सकाळी जायला ठिकाण होतं, शेजारी माणसं होती आणि आठवड्याला चार पैसे हातात पडत होते. सुहासपाशी यातलं काहीच नव्हतं. वर लपवाछपवीचं ओझं होतं. अशा दोन संकटांची तुलना करून स्वतःला कच्चा ठरवणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे, आणि हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

पहिलं काम ठरलं ते सांगण्याचं. त्याने दोन मित्रांना आणि मेहुण्याला खरं सांगितलं. त्याच कपातीत गेलेले तिघे सहकारी निघाले. ते आता रोज दहा वाजता एकत्र बसतात, एकमेकांचे अर्ज वाचतात, मुलाखतीची तयारी करून घेतात. आजींच्या मस्टरवरून त्याने एक वही केली. त्या दिवशी काय काम केलं तेवढंच लिहायचं, नोकरी लागली का हा रकानाच नाही. रविवारी सुट्टी. घरकर्जाचा हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोलायचं ठरलं. हप्ता थकल्यावर तोंड लपवण्यापेक्षा आधी गेलं तर मुदत वाढवण्याची बोलणी सोपी जातात. हे फार लोक करत नाहीत, करायला हवं.

वडिलांशी मी वेगळं बोललो. त्यांचा हेतू पोराला बळ देण्याचाच होता. ‘आम्ही सोसलं’ म्हणताना कोणी उसने दाणे दिले, कोणी पोरं सांभाळली, तेही सांगा, एवढंच सुचवलं.

सुहासला अजून पक्की नोकरी नाही. सहा महिन्यांचं कंत्राटी काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी. झोप बरीच सुधारली आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल आणि झोप, जेवण उडालं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर उदाहरणं देत बसू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. त्यांच्याशेजारी बसून तो लावून द्या.