जादा दिव्यांचे वायरिंग जळाले आणि विम्याचा दावा नाकारला गेला

प्रश्न : लांबच्या प्रवासासाठी घेतलेल्या माझ्या मोटरसायकलला मी एका खासगी गॅरेजमध्ये क्रॅश गार्डवर ५५ वॉटचे दोन जादा दिवे बसवून घेतले. सामानाचा छोटा ट्रेलर पुढेमागे जोडता यावा म्हणून मागच्या दिव्याच्या वायरीवरून सॉकेटही काढून घेतले. काही महिन्यांनी रात्री गाडी चालवताना सीटखालून धूर आला, वायरिंग जळाले आणि बाजूचे पॅनेल वितळले. विमा कंपनीने ‘परवानगीविना बदल’ व ‘इलेक्ट्रिकल बिघाड’ अशी कारणे देऊन दावा नाकारला. उत्पादकाने वॉरंटी नाकारली, तर गॅरेजवाले दोष दिव्यांचा असल्याचे सांगतात. गाडी अजून तशीच उभी आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाचे वाक्य गाडी तशीच उभी असल्याचे आहे. ती तशीच राहू द्या. अशा प्रकरणांत पक्षकार घाईने नवे हार्नेस (गाडीतील वायरींचा जुडगा) टाकून घेतात, जुने भंगारात जाते, आणि मग दोष कोणाचा हे ठरवायला तोंडी आरोपांखेरीज काहीच उरत नाही. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. त्यांच्यासाठी बॅटरीजवळ साधारण १५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज आणि हा भार हँडलवरच्या स्विचवर येऊ नये म्हणून रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) असणे अपेक्षित असते. आपल्या गाडीत फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज किंवा नुसती तार सापडली, अथवा दिव्यांची जोडणी मूळ वायर सोलून टेप गुंडाळून केलेली दिसली, तर गॅरेजविरुद्धचे आपले निम्मे प्रकरण तेथेच उभे राहते. वायरचे आवरण लांबपर्यंत सारखे भाजले असेल तर ते सहसा जादा भाराकडे बोट दाखवते, आणि एकाच जागी तांब्याचा थेंब साकळला असेल तर घासून झालेल्या शॉर्ट सर्किटकडे. हे सर्व एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याकडून, छायाचित्रांसह, लेखी अहवालात नोंदवून घ्या. पाहणीची तारीख विमा कंपनी, उत्पादक आणि गॅरेज या तिघांना आधी लेखी कळवा, म्हणजे ‘आमच्या पाठीमागे तपासणी केली’ असे म्हणायला कोणाला जागा राहणार नाही.

आता विम्याकडे वळू. ‘इलेक्ट्रिकल बिघाड’ हे कारण ऐकायला निर्विवाद वाटते, परंतु आपली पॉलिसी काढून तिचे पहिले प्रकरण वाचा. प्रचलित मोटार पॉलिसीत आग, स्फोट, आपोआप पेट घेणे आणि वीज पडणे यांमुळे झालेले नुकसान भरून देण्याचे वचन असते. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळल्याचे कलम त्यानंतर येते. एखादा भाग नुसता निकामी झाला तर तो बिघाड होय, पण वायरने पेट घेऊन शेजारचे पॅनेल वितळले असेल तर ते आगीचे नुकसान आहे, असे आपल्याला ठामपणे मांडता येते. या भेदावरच आपला दावा टिकेल किंवा पडेल, म्हणून धूर, ज्वाळा आणि वितळलेला प्लास्टिकचा भाग यांविषयी आपण पहिल्या कळवणीत काय लिहिले होते ते शोधून ठेवा. अपवादाच्या कलमाचा आधार घेणाऱ्या कंपनीनेच तो अपवाद लागू असल्याचे सिद्ध करायचे असते. सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालाची प्रतही कंपनीकडून लेखी मागवा.

‘परवानगीविना बदल’ या आक्षेपामागे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असते. वाहनाची मूलभूत वैशिष्ट्ये बदलतील असा रचनेतील फेरफार म्हणजे ‘बदल’, असे त्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. क्रॅश गार्डवरील दोन दिवे त्या व्याख्येत सहजासहजी बसत नाहीत. मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे आणि कंपनी त्या निकालाचा आधार घेईल, हे गृहीत धरून चला. आपले खरे उत्तर असे की बदल बेकायदा होता असे क्षणभर मानले, तरी त्यानेच आग लागली का, हा प्रश्न उरतो. अर्थात अभियंत्याच्या अहवालात आग जादा दिव्यांच्याच वायरीतून निघाल्याचे दिसले, तर हा मुद्दा दुबळा होईल आणि गॅरेजविरुद्धचा बळकट. जादा दिवे पॉलिसीत जाहीर करून त्यांचा हप्ता भरलेला नसेल तर दिव्यांची किंमत मिळणार नाही, ती मागूही नका.

कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी अर्ज करा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एक महिन्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, परंतु नकार मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे आणि तोच वाद ग्राहक आयोगात प्रलंबित असून चालत नाही. आपल्याला गॅरेजलाही त्याच प्रकरणात ओढायचे असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोग अधिक सोयीचा. तेथे मुदत दोन वर्षांची असून, प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू तपासणीसाठी पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. माझे मत आयोगाच्या बाजूने आहे, कारण विमा कंपनी आणि गॅरेज एकमेकांकडे बोट दाखवत असताना दोघांना एकाच मंचासमोर उभे करणे इष्ट. गॅरेजचे बिल आणि मोबाइलवरील संदेश जपा. संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

उत्पादकाविरुद्ध मात्र फार आशा धरू नका. वॉरंटीच्या अटींत बाहेरून केलेल्या वायरिंगचा अपवाद असतो, आणि उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या, दाव्यातही वस्तूत फेरफार केलेला असणे हा बचाव कायद्यानेच दिला आहे. या वायरिंगशी संबंध नसलेल्या इंजिन वा गिअरबॉक्सची वॉरंटीही त्यांनी रद्द केली असेल, तरच त्यावर भांडणे योग्य.

दिवे पुन्हा बसवण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम पाहा. नियम १०६ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला हवा. ८ मीटर अंतरावर, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. नियम १११ प्रमाणे स्पॉट लाइटसाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ट्रेलरचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याला कलम ३९ ची नोंदणी लागते. नुसत्या दिव्यांसाठी कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येत नाही, पण विनानोंदणी ट्रेलर आढळल्यास तो जप्त करण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. म्हणून सॉकेटची दुरुस्ती करण्याआधी आपल्या गाडीला तो विशिष्ट ट्रेलर जोडता येईल का, असे परिवहन कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर हाती येईपर्यंत सॉकेटची वायर बॅटरीकडून तोडून ठेवा. पाहणीचा अहवाल होण्यापूर्वी मात्र तिलाही हात लावू नका.